मार्गदर्शक, उमेदवार आणि पुढची पायरी : आरोग्यसेवा व अन्य कार्यक्षेत्रांतील करिअरविकासाचा एक विचार
(मुंबई उपनगरांच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयांत 'मेंटॉर' योजना आता सर्वत्र राबविली जाते. रुग्णालयांत, कारखान्यांत व कार्यालयांतही नवागतांना अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली देण्याची पद्धत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते. प्रस्तुत लेखात मार्गदर्शनाची तीन कामे वेगळी करून पाहिली आहेत : शिकविणे, सांभाळणे आणि पुढे नेणे. डॉ. रखमाबाईंची वैद्यकीय वाटचाल, जामखेड व गडचिरोली येथील आरोग्यप्रकल्प आणि मुंबई उपनगरांतील परिचारिका व आरोग्य स्वयंसेविका यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, पहिली दोन कामे काही प्रमाणात होतात. तिसरे मात्र बहुधा राहून जाते. जेथे चढण्यास पायरीच नाही तेथे उत्तम मार्गदर्शनही दिलासा देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या अनुषंगाने उपनगरीय महाविद्यालयांसाठी काही सूचनाही शेवटी केल्या आहेत.

बीजसंज्ञा : मार्गदर्शन, मेंटॉर, उमेदवारी, करिअरविकास, परिचारिका, आरोग्य स्वयंसेविका, मुंबई उपनगरे.

१. प्रस्तावना

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (नॅक) २०१७ मध्ये मूल्यांकनाची सुधारित चौकट लागू केली. त्या चौकटीत मेंटॉर व विद्यार्थी यांचे प्रमाण हा एक स्वतंत्र निकष होता. तत्पूर्वी अनेक महाविद्यालयांत 'शिक्षक-पालक योजना' या नावाने हेच काम चालत असे. निकष आल्यानंतर त्यास नोंदवही, स्वाक्षऱ्या आणि गटवार याद्या यांची जोड मिळाली. यातून काही चांगले निश्चितच घडले. पूर्वी ज्या विद्यार्थ्यांचे नावही कोणास ठाऊक नसे, त्यांची निदान वर्षातून काही वेळा विचारपूस होऊ लागली.

तथापि, एक प्रश्न शिल्लक राहतो. प्रमाण मोजता येते; मार्गदर्शन झाले की नाही, हे त्या प्रमाणावरून कळत नाही. विद्यार्थ्याची उपस्थिती, घरची परिस्थिती आणि परीक्षेतील गुण यांची नोंद झाली, परंतु पदवीनंतर तो कोठे गेला, तेथे त्यास कोणी हात दिला का, पाच वर्षांनी तो त्याच जागी आहे की एक पायरी वर चढला, यांची नोंद क्वचितच ठेवली जाते.

हा प्रश्न केवळ महाविद्यालयांचा नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील आपले विद्यार्थी ज्या रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, दुकानांत आणि कंपन्यांत कामाला लागतात, तेथेही तो तसाच उभा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आरोग्यसेवा हे क्षेत्र मुख्यतः विचारासाठी घेतले आहे. या क्षेत्रात चुकीची किंमत रुग्णास मोजावी लागते. त्यामुळे मार्गदर्शनाचे असणे-नसणे तेथे लवकर उघड होते.

२. संकल्पना : मेंटॉर, गुरू आणि उमेदवारी

'मेंटॉर' हे मुळात होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातील एका पात्राचे नाव. युद्धावर जाताना ओडिसियसने आपले घर या मित्राच्या हवाली केले. पुढे अथीना देवी त्याच मित्राचे रूप घेऊन ओडिसियसच्या मुलाची पाठराखण करते. आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात या संकल्पनेस रीतसर रूप देणाऱ्या अभ्यासकांत कॅथी क्रॅम यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मार्गदर्शकाच्या कामाचे दोन गट सांगितले. पहिला गट करिअरविषयक : काम शिकविणे, आव्हानात्मक जबाबदारी देणे, वरिष्ठांच्या नजरेस आणून देणे, नावाची शिफारस करणे, अडचणीच्या वेळी संरक्षण देणे. दुसरा गट मानसिक व सामाजिक आधाराचा : स्वीकार, सल्ला, मैत्री आणि स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेला आदर्श.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे दोन शब्द आहेत. एक 'गुरू' आणि दुसरा 'उमेदवारी'. गुरू या शब्दाभोवती आदराचे मोठे वलय आहे. त्यात शिष्याने प्रश्न विचारणे किंवा वेगळ्या वाटेने जाणे नेहमीच मानवते असे नाही. उमेदवारी हा शब्द अधिक व्यवहारी आहे. वकिलाकडे, डॉक्टरांकडे, छापखान्यात किंवा सुताराकडे उमेदवारी करणे म्हणजे प्रत्यक्ष काम करीत, कसबी माणसाच्या नजरेखाली शिकणे. १९६१ च्या कायद्याने ज्यास कायदेशीर स्थान दिले, त्या प्रशिक्षणार्थीसही आपण 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतो. या शब्दात 'उमेद' आहे, म्हणजे पुढे काही होण्याची आशा गृहीत आहे. प्रस्तुत लेखात मार्गदर्शन घेणाऱ्या व्यक्तीस 'उमेदवार' म्हटले आहे ते याच अर्थाने.

क्रॅम यांची मांडणी आपल्या सोयीसाठी तीन क्रियापदांत आणता येईल : शिकविणे, सांभाळणे आणि पुढे नेणे. शिकविण्यात कौशल्य येते. सांभाळण्यात धीर आणि संरक्षण येते. पुढे नेण्यात शिफारस, संधी, आर्थिक तरतूद आणि पद येते. आता काही उदाहरणांच्या साह्याने ही तीन कामे तपासून पाहू.

३. एक ऐतिहासिक दाखला : एडिथ पीची आणि रखमाबाई

१८८३ च्या डिसेंबरात डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. १८६९ मध्ये एडिनबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाचे काम त्यांनी पाहिले आणि तेथे परिचारिकांच्या प्रशिक्षणासही चालना दिली.

याच काळात रखमाबाईंवरील खटला गाजत होता. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा दाखल झाला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. पुढे १८८८ मध्ये रकमेच्या तडजोडीने हे प्रकरण मिटले. खटला मिटला, तरी 'पुढे काय' हा प्रश्न उरला होताच. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यामुळे घरात वैद्यकाचे वातावरण होते. परंतु ते १८८५ मध्येच निवर्तले होते.

या ठिकाणी पीचीबाईंचे साहाय्य निर्णायक ठरले. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले आणि निधी उभारण्यासही मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या व लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. पात्रता मिळवून परतल्यावर सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

या दाखल्यात तीनही कामे एकत्र आलेली दिसतात. स्वतःच्या उदाहरणाने दिशा दाखविणे हे शिकविणे. समाजात निंदा होत असताना पाठीशी उभे राहणे हे सांभाळणे. आणि निधी व प्रवेशाची वाट हे पुढे नेणे. मात्र आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालये आणि तेथे स्त्री-डॉक्टरांच्या जागा निर्माण होत होत्या, म्हणूनच रखमाबाईंना परतल्यावर काम मिळाले. मार्गदर्शक होती आणि पायरीही होती. दोहोंपैकी एक नसते, तर ही कथा अर्ध्यावर थांबली असती.

४. जामखेड व गडचिरोली : सातत्याने लाभलेली सोबत

एका बुद्धिमान व्यक्तीस एक समर्थ मार्गदर्शक लाभणे हा बराचसा योगायोगाचा भाग आहे. हे काम शेकडो सामान्य व्यक्तींच्या बाबतीत पद्धतशीरपणे करता येते का, याचे उत्तर महाराष्ट्रातील दोन ग्रामीण प्रकल्पांत मिळते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका गावांत ठेवण्याचा प्रयत्न झाला, परंतु बाहेरून आलेल्या या स्त्रिया गावात टिकेनात. तेव्हा गावातीलच स्त्रीची निवड करून तिला आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचा मार्ग स्वीकारला गेला. यांपैकी अनेक स्त्रिया निरक्षर होत्या. कित्येक दलित व गरीब कुटुंबांतील होत्या. त्या नियमितपणे केंद्रावर येत, तेथे मुक्काम करीत, आपल्या गावातील त्या आठवड्याचे प्रसंग सांगत, आणि त्यांवरूनच पुढचा पाठ होई. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र राहत व एकत्र जेवत. फिरते पथक गावात जाऊन त्यांच्या कामाला पाठबळ देई. कालांतराने अनुभवी सेविका नव्यांना शिकवू लागल्या. पुढे तर देशोदेशींचे आरोग्यकर्मी जामखेडला शिकावयास आले तेव्हा याच स्त्रिया त्यांच्यासमोर बोलू लागल्या. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेची स्थापना केली. तेथे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. या यशात प्रशिक्षणाचा वाटा आहेच. पण प्रशिक्षणानंतर होणाऱ्या नियमित भेटी, नोंदींची पडताळणी आणि चुका तेथल्या तेथे दुरुस्त करण्याची व्यवस्था यांचा वाटा त्याहून कमी नाही. २०११ मध्ये घरगुती नवजात काळजीचा हा नमुना देशपातळीवर 'आशा' कार्यकर्तींच्या कामात समाविष्ट झाला.

या दोन्ही ठिकाणी मार्गदर्शनाची तीन वैशिष्ट्ये समान आहेत. पहिले, भेटीची वेळ ठरलेली होती. सवड मिळाली तर भेटू, असे तेथे नव्हते. दुसरे, चर्चेचा विषय प्रत्यक्ष घडलेले काम हा होता; सर्वसाधारण उपदेश नव्हता. तिसरे, उमेदवाराच्या अनुभवास ज्ञानाचा दर्जा दिला जात होता. पहिल्या दोन क्रियापदांचे, म्हणजे शिकविणे व सांभाळणे यांचे, याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. जामखेडमध्ये शिकणारी पुढे शिकविणारी झाली, ही तिसऱ्या क्रियापदाचीही एक रीत होय.

५. मुंबईची उपनगरे : दोन वर्ग, दोन अडचणी

(अ) परिचारिका : पायरी आहे, सोबत नाही

ग्रामीण प्रकल्पांकडून उपनगरांकडे वळताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. महापालिकेची जुनी वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये परळ, शीव आणि मुंबई सेंट्रल येथे, म्हणजे शहर भागात आहेत. उपनगरांत विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे एम. टी. अगरवाल यांसारखी महापालिकेची रुग्णालये प्रामुख्याने सेवा देण्यासाठी उभी राहिली. जेथे अध्यापन हे संस्थेचे घोषित काम असते, तेथे नवागताला विचारण्यासाठी कोणीतरी असते. जेथे केवळ सेवा असते, तेथे शिकणे हे कामाच्या गर्दीतून वेळ काढून करावे लागते.

नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेचा पहिला महिना डोळ्यांसमोर आणावा. प्रशिक्षणात तिने एका वेळी मोजक्या रुग्णांची शुश्रूषा केलेली असते. येथे रात्रपाळीला तिच्यावर अख्खा कक्ष येतो. औषधांच्या वेळा, सलाईन, नव्या दाखल रुग्णांच्या नोंदी, नातेवाइकांचे प्रश्न आणि पाळी बदलताना द्यावयाचा 'ओव्हर' हे सारे एकाच वेळी. पुस्तकातील रुग्णसेवा व प्रत्यक्ष कक्ष यांमधील या अंतरास मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच 'वास्तवाचा धक्का' म्हटले होते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीचे सार असे की, अनुभवी परिचारिकेजवळ जे ज्ञान असते त्यातील बराचसा भाग लिखित नियमांत येत नाही. रुग्णाचे काहीतरी बिनसते आहे हे तिला आकडे बदलण्यापूर्वी जाणवते. असे ज्ञान तिच्या शेजारी उभे राहूनच घेता येते.

परिचर्येत पायऱ्या आहेत. दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम, तीन वर्षांचा जीएनएम, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी, जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी आणि त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण अशी शैक्षणिक शिडी आहे. नोकरीत परिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची शिडी आहे. उणीव आहे ती या शिडीवर चढताना मिळणाऱ्या सोबतीची. बढती बहुधा ज्येष्ठतेने होते. परिसेविका झाल्यावर अचानक माणसे सांभाळावी लागतात आणि त्यासाठी कोणी तयार केलेले नसते. जी परिसेविका नव्या मुलींना मनापासून घडविते, तिच्या त्या कामाची नोंद सेवापुस्तकात कोठेच होत नाही.

उपनगरी जीवनाचा एक घटक येथे विसरता येत नाही. अनेक परिचारिका विरार, पालघर, बदलापूर, कर्जत येथून लोकलने येतात. 'ड्युटी संपल्यावर थोडे थांबा, बोलू' ही सूचना म्हणजे त्यांच्यासाठी एक गाडी चुकणे, आणि घरी मूल असेल तर बरेच काही चुकणे. म्हणून कामाच्या तासांबाहेर ठेवलेली मार्गदर्शन योजना कागदावर सर्वांसाठी असली, तरी प्रत्यक्षात ती घर जवळ असलेल्यांसाठीच राहते.

(ब) आरोग्य स्वयंसेविका : सोबत थोडी, पायरी नाही

दुसरा वर्ग आहे तो महापालिकेच्या आरोग्य केंद्रांशी संलग्न असलेल्या आरोग्य स्वयंसेविकांचा. वस्तीतील घरे पिंजून काढणे, गरोदर स्त्रियांची व बालकांची नोंद ठेवणे, लसीकरणासाठी बोलावून आणणे, क्षयरोग्यांचा पाठपुरावा करणे ही त्यांची कामे. २०२० मध्ये कोविडच्या काळात घरोघरी जाऊन तपासणी करणाऱ्यांत याच स्त्रिया होत्या. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत किंवा अंधेरीच्या चाळींत कोणते घर कोणाचे, कोण गावी गेले आहे, कोणत्या सुनेला दवाखान्यात जाऊ दिले जात नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

या स्त्रियांनी दीर्घकाळ मानधनावर काम केले असून कर्मचाऱ्याचा दर्जा, किमान वेतन आणि निवृत्तीचे लाभ यांसाठी आंदोलने व न्यायालयीन लढे दिले आहेत. त्या प्रश्नाचा कायदेशीर ऊहापोह हा या लेखाचा विषय नाही. करिअरविकासाच्या दृष्टीने मात्र मूळ अडचण स्पष्ट आहे. येथे प्रशिक्षण होते, देखरेख होते, क्वचित एखादी सहृदय परिचारिका वा डॉक्टर पुष्कळ शिकवूनही जाते. परंतु वीस वर्षांच्या अनुभवानंतरही स्वयंसेविका ही स्वयंसेविकाच राहते. तिच्या पदाच्या वर तिला खुले असलेले पद नाही. आणि परिचर्येच्या शिडीच्या पहिल्या पायरीसाठी बारावीची अट आहे, जी यांपैकी अनेकींना पूर्ण करता आलेली नाही.

ही भिंत अभेद्य आहे असे नव्हे. 'आशा' कार्यकर्तींना परिचारिका-प्रशिक्षणाच्या प्रवेशात प्राधान्य देण्याची तरतूद देशातील काही राज्यांनी केली. महाराष्ट्रातही आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या 'गटप्रवर्तक' हे एक मधले स्थान आहे, जरी त्या स्थानाच्या मोबदल्याविषयी व दर्जाविषयी तक्रारी आहेत. जामखेडच्या निरक्षर सेविका जर प्रशिक्षक होऊ शकल्या, तर उपनगरातील दहावी झालेल्या स्वयंसेविकेस वस्ती-प्रशिक्षक असे पद का असू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

६. अन्य कार्यक्षेत्रे

आरोग्यसेवेत दिसणाऱ्या या दोन अडचणी अन्यत्रही ओळखू येतात. भांडुप-मुलुंड पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांची रांग होती. तेथे उमेदवारीला एक ठरलेला मार्ग होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला मुलगा जुन्या कामगाराच्या हाताखाली लेथवर शिके, पुढे कायम होई आणि काहीजण सुपरवायझरही होत. यांतील अनेक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी निवासी संकुले व मॉल आले. कारखान्याबरोबर केवळ नोकऱ्या गेल्या असे नाही. शिकविणारा जुना कामगार आणि चढावयाची पायरी ही दोन्ही एकदमच गेली. अंधेरीत १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झमध्ये किंवा आजच्या कॉल सेंटरांत व घरपोच सेवांत काम लवकर मिळते, परंतु पाच वर्षांनी त्या कामातून काय घडते याची वाट तितकी आखलेली नसते.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी बसतात. अनेक ठिकाणी तेही विद्यार्थ्यांचे मेंटॉर असतात. विद्यार्थ्याला 'पुढे काय करणार' असे विचारणाऱ्या या शिक्षकास स्वतःला मात्र पुढील जून महिन्यात काम मिळेल किंवा नाही याची शाश्वती नसते. त्याच्या संशोधनाकडे, अध्यापनाकडे आणि वाटचालीकडे लक्ष देणारा ज्येष्ठ प्राध्यापक नेमून दिलेला नसतो. आरोग्य स्वयंसेविकेच्या प्रश्नाकडे आपण सहानुभूतीने पाहतो. त्याच प्रश्नाचे एक रूप आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहे, हेही मान्य करावयास हवे.

७. मार्गदर्शनातील धोके

मार्गदर्शनाचे नाते हे समान सत्तेचे नाते नसते. ज्याच्या हाती शिफारस असते त्याच्या हाती अडवणूकही असते. 'सीनियर' शिकवितो या सबबीखाली नवागताकडून खासगी कामे करवून घेणे, अपमान करणे, जातीवरून वा भाषेवरून टोचून बोलणे हे प्रकार शिक्षणसंस्थांना व रुग्णालयांना अपरिचित नाहीत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ मध्ये आले आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. मार्गदर्शन योजना आखताना ही पार्श्वभूमी डोळ्यांआड करता येणार नाही. यासाठी दोन साधे नियम उपयोगी पडतात. मार्गदर्शक व मूल्यमापन करणारा अधिकारी या शक्यतो भिन्न व्यक्ती असाव्यात. आणि मार्गदर्शक बदलून मागण्याचा हक्क उमेदवारास कारण न सांगता असावा.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. व्यवस्थेतील उणीव व्यक्तीच्या माथी मारण्यासाठी मार्गदर्शनाचा वापर होऊ शकतो. कक्षात परिचारिका अपुऱ्या असताना नवागतेस 'ताणाचे नियोजन' शिकविणे, किंवा पदच नसताना 'महत्त्वाकांक्षा बाळगा' असे सांगणे, ही मार्गदर्शनाची विटंबना होय.

८. महाविद्यालयांसाठी काही सूचना

रुग्णालयांची पदरचना बदलणे प्राध्यापकांच्या हाती नाही. तरीही पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

एक, मेंटॉरच्या नोंदवहीत 'पुढची पायरी' असा एक रकाना असावा. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर पुढील दोन वर्षांतील एक निश्चित पायरी, तिची पात्रता, खर्च आणि अंतिम मुदत लिहिली जावी.

दोन, ही माहिती मेंटॉरलाच असावयास हवी. उदाहरणार्थ, जीएनएम अभ्यासक्रमास बारावीची कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात; बी.एस्सी. नर्सिंगसाठी विज्ञान शाखा आवश्यक असते. कला वा वाणिज्य शाखेतील ज्या विद्यार्थिनीस परिचर्येची ओढ आहे, तिला 'आता उशीर झाला' असे सांगितले जाऊ नये. कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असलेल्या आपल्या संस्थांत हे सहज साधण्याजोगे आहे.

तीन, माजी विद्यार्थ्यांना केवळ मेळाव्यास न बोलाविता मार्गदर्शक म्हणून नेमावे. राजावाडीत वा एखाद्या खासगी रुग्णालयात काम करणारी, तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेली माजी विद्यार्थिनी प्राध्यापकास ठाऊक नसलेल्या कित्येक गोष्टी सांगू शकते. तिच्या पाळीनुसार भेटीची वेळ ठरवावी.

चार, विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर नोंदवही बंद करू नये. नोकरीचे पहिले वर्ष सर्वाधिक कठीण असते. त्या वर्षात दर तीन महिन्यांनी एक दूरध्वनी एवढे तरी व्हावे.

पाच, मार्गदर्शनास कार्यभारात स्थान द्यावे. चाळीस विद्यार्थ्यांची यादी आणि शून्य तास यांतून केवळ स्वाक्षऱ्या निर्माण होतात. आठवड्यातील एक तास वेळापत्रकात छापला गेला, तर जामखेडप्रमाणे भेटीस निश्चिती येईल.

सहा, तासिका तत्त्वावरील प्रत्येक सहकाऱ्यास एक ज्येष्ठ प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळावा. संशोधन-निबंधाचे वाचन, मुलाखतीची तयारी आणि रिक्त जागांची माहिती एवढे जरी त्यातून झाले, तरी ते थोडे नाही.

सात, परिसरातील आरोग्य स्वयंसेविकांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत आपण नेहमी बोलावितो. त्यांना वक्त्या म्हणून बोलवावे, योग्य मानधन द्यावे, आणि ज्यांना दहावी वा बारावी पूर्ण करावयाची आहे त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या वर्गखोल्या दुपारी उघडाव्यात.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी पुढे येतात. मार्गदर्शन म्हणजे शिकविणे, सांभाळणे व पुढे नेणे या तिन्हींचा समुच्चय होय. यासाठी ठरलेली वेळ, प्रत्यक्ष कामावरील संवाद आणि सत्तेच्या गैरवापरास आळा ही पथ्ये आवश्यक आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मार्गदर्शनाबरोबर पदाची, शिक्षणाची वा जबाबदारीची एखादी खरीखुरी पायरी असावी लागते. परिचारिकांपाशी पायरी आहे, त्यांना सोबत हवी. स्वयंसेविकांना सोबतीइतकीच पायरीची गरज आहे. आपले विद्यार्थी या दोहोंपैकी कोठेही पोहोचू शकतात.

मेंटॉर योजनेचे यश नोंदवहीच्या पानांवर न शोधता पाच वर्षांनंतरच्या एका साध्या प्रश्नात शोधावे : आपला विद्यार्थी आज कोठे आहे, आणि तेथे पोहोचताना त्याला कोणाचा हात मिळाला? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विभागास दहा विद्यार्थ्यांपुरते जरी देता आले, तरी ही योजना कागदावरून कामावर आली असे म्हणता येईल.